सॅच्युरेशन प्लगिन: फुकटचं पुरे, की पैसे घालावेत? (खंजिरी भजनासाठी)

खंजिरीवाला
जय गुरुदेव मंडळी.
तिवसा तालुक्यातल्या आमच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या, दोन माईक लागतील एवढा इंटरफेस, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. गायक एक, सोबत पेटी, तबला, खंजिरी, टाळ आणि मागे झील धरणारे पाच-सहा जण.

अडचण अशी की हेडफोनवर भरीव वाटणारं भजन मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की मोबाईलवर डग्गा ऐकूच येत नाही आणि गायकाचा आवाज नुसता वरवर राहतो. यूट्यूबवर जो तो सांगतो, सॅच्युरेशन लावा, म्हणजे आवाज थोडा चेपून भरीव करा. त्यासाठी रीपरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे प्लगिन, असतात. फुकटातले सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब, क्लँगहेल्मचं आयव्हीजीआय आणि चाऊ टेप उतरवून ठेवलेत. पैशाच्यांत फॅबफिल्टरचं सॅटर्न २ आणि साउंडटॉइजचं डिकॅपिटेटर मनात आहे. पहिल्या वेच्याचा कापूस विकला, त्यातले बारा-तेरा हजार नोव्हेंबरच्या सेलसाठी बाजूला ठेवलेत. घरी अजून बोललो नाही.

एवढ्या पैशात ऐकणाऱ्याला कळेल असा फरक पडतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोट्टा_फुल_आवाज
काहून पैशे घालून रायले भाऊ? दोन्ही भेटते फुकट. लिंक पाठवू का?

संपादक
लिंक नको. क्रॅकची, म्हणजे कुलूप फोडलेल्या चोरीच्या प्रतींची, देवाणघेवाण या संकेतस्थळावर चालत नाही.

पोट्टा_फुल_आवाज
बरं बाप्पा, नाही टाकत. तसाही मागच्या महिन्यात एक टाकलं तं लॅपटॉपच बसला.

वडसा_लाईन
मी दोन्ही वापरतो, विकत घेतलेली. झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी करतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत श्वास घ्यायला सवड नसते. मंडई आणि शंकरपटाच्या तारखा लागलेल्या असतात, गाणं आज संध्याकाळी हातात येतं आणि उद्या रात्री स्टेजवर वाजायचं असतं. अशा वेळी सॅटर्नचा उपयोग कळतो. आवाजाचे सहा पट्ट्यांपर्यंत तुकडे करता येतात आणि प्रत्येक पट्टीला वेगळा रंग. अठ्ठावीस तऱ्हा आहेत. आमच्याकडचा गायक संवादातून थेट तार सप्तकात उडी मारतो. त्याच्या आवाजातली फक्त २०० ते ८०० हर्ट्झची पट्टी थोडी गरम केली की तो खालच्या सुरातही मागे पडत नाही, आणि 'स' 'श' ला हात लागत नाही. फुकटच्यांत हेच करायचं तर तीन ट्रॅक, तीन फिल्टर आणि तेवढ्याच ठिकाणी चुका.

पैसे जातात ते वेळेसाठी. आवाज जादूनं बदलेल म्हणून घेत असाल तर नका घेऊ.

रीळकाका
मी कॅसेटच्या काळातला माणूस. भजनाच्या आणि भीमगीतांच्या कॅसेटा आम्ही रात्र-रात्र जागून काढल्या. तेव्हा सॅच्युरेशन विकत मिळत नसे, ते चुंबकीय फितीतच असे. आवाज जास्त दिला की फितीवरचे कण पुरे भरून जात, त्यापुढे त्यांना घेता येत नसे. आवाजाच्या लाटेची टोकं गोल होत. वरच्या पट्टीतले आवाज आधी दबत, म्हणून टाळ बोचत नसे. कॅसेटचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर, स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटीमीटरनं धावे. वेग कमी तसा हा परिणाम लवकर.

चाऊ टेपमध्ये हेच गणित बसवलं आहे. सोनीच्या टीसी-२६० या रीळवाल्या यंत्रावर ते बेतलेलं आहे, आणि फुकट असून त्याचा कोडही खुला आहे. फुकट म्हणून कमअस्सल समजू नका. मात्र त्यातलं वॉव आणि फ्लटर, म्हणजे फितीच्या वेगातली डोल आणि थरथर, बंद ठेवा, नाहीतर पेटीचा सूर डोलायला लागेल. आमच्या काळी तोच दोष घालवण्यात अर्धी हयात गेली आणि आता तरुण मंडळी तो मुद्दाम लावतात.

खंजिरीवाला
काका, नमस्कार. वॉव-फ्लटर बंद केलं. पेटी सरळ झाली. खंजिरीवर मात्र काहीही लावलं की वर एक चिरचिर येते, टाळावरही. ती कशाची?

रात्रपाळी_अकोला
ती एलियासिंगची. या धाग्यावर कुणीतरी हे काढेल म्हणून वाटच पाहत होतो. नीट सांगतो, कारण स्वस्त आणि महाग यांच्यातला खरा फरक बराचसा इथेच आहे.

सॅच्युरेशन म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पटीतले नवे स्वर तयार करणं. लाट वर आणि खाली सारखीच चेपली तर तिप्पट, पाचपट असे विषम हार्मोनिक येतात. एका बाजूनं जास्त चेपली तर दुप्पट, चौपट हे समही येतात. जुन्या यंत्रांतल्या ट्यूबचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळीचा, 'उबदारपणा' म्हणतात तो बराचसा या दुपटीतून येतो, कारण दुप्पट म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात.

आता तुमचं रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं, असेल. त्यात त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झच्या, वरचं काही मावत नाही. खंजिरीच्या चकत्यांत ९ किलोहर्ट्झचा आवाज आहे असं धरा. तिप्पट झाली २७, पाचपट ४५. दोन्ही हद्दीबाहेर. पण त्या नाहीशा होत नाहीत, हद्दीवर आपटून उलट्या फिरतात. २७ चे होतात १७.१, आणि ४५ चे होतात ०.९, म्हणजे ९०० हर्ट्झ. गायकाच्या आवाजाच्या ऐन मध्यात एक असा सूर, ज्याचा गाण्याच्या सुरांशी काही संबंध नाही. चिरचिर तुम्हाला ऐकू येते, पण हा खाली पडलेला कचरा जास्त वाईट.

उपाय ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतलं काम कित्येक पट जास्त नमुन्यांवर करणं. चौपट केलं तर आतलं काम १७६.४ किलोहर्ट्झवर होतं, ४५ तिथे आरामात मावते आणि नंतर फिल्टरनं गाळली जाते. सॅटर्न २ मध्ये हे ३२ पटींपर्यंत आहे. फुकटच्या बऱ्याच प्लगिनांत ही सोयच नसते.

पोट्टा_फुल_आवाज
म्हंजे शेवटी महागाचंच घ्या म्हणता. एवढं गणित कायले केलं मंग?

रात्रपाळी_अकोला
पुरतं वाचत जा रे. रीपरच्या सातव्या आवृत्तीत कुठल्याही प्लगिनला बाहेरून ओव्हरसॅम्पलिंग लावता येतं. ट्रॅकला लावलेल्या प्लगिनांच्या (एफएक्सच्या) यादीत त्या प्लगिनच्या नावावर उजवी क्लिक करा, पर्याय सापडेल. म्हणजे सॉफ्टट्यूबच्या फुकटच्या नॉबलाही चौपट मिळालं. रीपरचं लायसन्स घरगुती वापराला ६० डॉलर आहे. खंजिरीवाले, तुमच्याकडे रीपर आहेच, म्हणजे सॅटर्न घेण्याचं एक मोठं कारण गेलं.

आणि ३२ पट हवंच असेल तर आमच्याकडच्या मे महिन्यात आठ जीबीच्या लॅपटॉपवर लावून दाखवा. बाहेर ४५ अंश, पंखा रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून बंद, आणि लॅपटॉप आपोआप मंद. मी तरी मिक्स करताना सगळं ओव्हरसॅम्पलिंग बंद ठेवतो आणि शेवटी गाणं बाहेर काढतानाच चालू करतो.

वडसा_लाईन
रीपरचं ओव्हरसॅम्पलिंग मान्य. पण पट्ट्यांचं काय? खंजिरीच्या कातड्याचा ठोका हवा आणि चकत्या सोडून द्यायच्या, हे एका नॉबनं कसं करणार?

रात्रपाळी_अकोला
सॉफ्टट्यूबच्या नॉबखाली एक छोटा स्विच आहे. 'कीप हाय' वर ठेवला की वरचा भाग तसाच राहतो आणि खालचा तेवढा चेपला जातो. बहुतेक लोक तो स्विच पाहतच नाहीत. सहा पट्ट्या नाहीत हे खरं. पण खंजिरीत आहेच काय? कातडं आणि चकत्या. दोन भाग पुरतात.

सरगमताई
मी पेटी शिकवते, यवतमाळकडच्या एका गावात. प्लगिनांचं मला फार कळत नाही, पण मुलगा हे करतो तेव्हा ऐकते. एक सांगावंसं वाटतं.

एकट्या आवाजावर हे जेवढं छान लागतं तेवढं पेटीवर लागत नाही, आणि सगळ्या गाण्यावर एकदम लावलं तर काही ठिकाणी पेटी बेसूर वाटते. आधी वाटलं मुलाचंच काहीतरी चुकतंय. मग त्यानं दाखवलं की दोन सूर एकदम चेपले गेले की त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा सूरही तयार होतो. सा २४० आणि प ३६० धरला तर वजाबाकी १२०, म्हणजे खालचा सा. उलट छान, भरल्यासारखं वाटतं. पण सा आणि ग एकत्र दाबा. पेटीचा ग सा च्या बरोबर सव्वापट, म्हणजे ३००, नसतो, समान भागांत बांधलेला असतो, साधारण ३०२.४. वजाबाकी ६२.४. हवा होता ६०. हा खालचा सा पेटीच्या दोन शेजारच्या सुरांतल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त चढा झाला. म्हणून पेटी अंगावर येते. भजनात साथीला डाव्या हातानं सा-प धरून ठेवणारे असतील तर चालेल, भरभरून सूर दाबणारे असतील तर पेटीवर काही लावू नका.

रीळकाका
ताई, फार नेमकं. आम्ही पेटीचा माईक नेहमी दूर ठेवायचो आणि फितीवर तिचा आवाज कमीच द्यायचो. कारण हेच होतं, आकडे तेव्हा माहीत नव्हते.

वडसा_लाईन
ताईंचा मुद्दा महागड्या प्लगिनालाही लागू आहे बरं का. दोन सुरांची वजाबाकी ३२ पट ओव्हरसॅम्पलिंगनं जात नाही, कारण ती हद्दीच्या आतच तयार होते. किंमत कितीही द्या.

खंजिरीवाला
आता डोक्यात उजेड पडतोय. मग डिकॅपिटेटरचं काय? त्याचं फार ऐकलंय.

वडसा_लाईन
पाच बटणं: ए, ई, एन, टी, पी. प्रत्येक बटण एकेका जुन्या यंत्राचा रंग देतं. ए म्हणजे अँपेक्स ३५० या टेपयंत्राचा प्रीअँप (माईकचा आवाज वाढवणारा भाग), ई चँडलरच्या ईएमआय धाटणीच्या चॅनलवरून, एन नीव्हचा, आणि टी-पी हे कल्चर व्हल्चर नावाच्या ट्यूबयंत्राचे ट्रायोड आणि पेंटोड, म्हणजे ट्यूबच्या दोन जाती. वापरायला सोपं, आणि आवाजाला लगेच 'तब्येत' येते. शिवाय त्यात ऑटो नावाचं बटण आहे, ड्राइव्ह (चेपण्याचा जोर) वाढवला तरी बाहेरचा आवाज आटोक्यात ठेवतं. हे बटण महत्त्वाचं.

रात्रपाळी_अकोला
आणि हे बटण नसलेल्या प्लगिनांची बदनामी होते, किंवा खोटी कीर्ती. नॉब फिरवला, आवाज मोठा झाला, कान म्हणाला वा. मोठा आवाज नेहमी बरा वाटतो. एक-दीड डेसिबलचा फरकसुद्धा फसवतो, कारण तो 'मोठा' म्हणून ऐकू येत नाही, 'चांगला' म्हणून ऐकू येतो. यूट्यूबवरच्या निम्म्या तुलना यातच वाया गेलेल्या असतात.

खंजिरीवाले, पैसे देण्याआधी हे करा. सॅटर्न आणि डिकॅपिटेटर दोन्हींची ३० दिवसांची पुरती चालणारी चाचणी मिळते. एकच भजन चार प्रकारे काढा: काही न लावता, फुकटच्यांनी, सॅटर्ननं, डिकॅपिटेटरनं. युलीनचं फुकट लाउडनेस मीटर लावून चारही एका पातळीवर आणा. नावं क, ख, ग, घ ठेवा. मंडळाच्या ग्रुपवर टाका आणि कशात काय आहे ते सांगू नका. स्वतःही दुसऱ्या कुणाकडून नावं बदलून घेऊन ऐका.

वडसा_लाईन
आणि चाचणीचे दिवस सुरू करण्याआधी गाणी तयार ठेवा. लोक आधी उतरवतात आणि मग सोयाबीन काढायला जातात.

पोट्टा_फुल_आवाज
😂😂 वडसावाले भाऊ, थे मलेच म्हणून रायले का?

(काही दिवसांनी)

खंजिरीवाला
मंडळी, केलं. उशीर झाला, कारण मधल्या काळात मोझरीचा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव होता आणि आमचं मंडळ तिकडे गेलं होतं.

मोबाईलवर ऐकणाऱ्यांनी 'काही न लावलेलं' झटकन ओळखलं. डग्गा नव्हता म्हणून. बाकी तिघांत कुणालाच पक्कं सांगता येईना. आमच्या मुख्य गायकांना डिकॅपिटेटरवालं आवडलं, तबलेवाल्यांना फुकटवालं. झील धरणाऱ्या एका काकांनी चारही एकच आहेत म्हणून मला वेड्यात काढलं.

पण हेच जेव्हा देवळावरच्या कर्ण्यातून लावलं तेव्हा उलटंच झालं. तिथे काही न लावलेलं सगळ्यांत स्वच्छ. कर्णा आधीच आवाज फाडतो, त्यात आपण फाडलेला घातला की शब्द कळेनात. भजनात शब्द गेले तर राहिलं काय?

खंजिरीवरून मी तिन्ही प्लगिनवाले प्रकार काढून टाकले. नुसती खंजिरीच बरी.

रात्रपाळी_अकोला
मोबाईलचं कारण सांगतो. त्याच्या स्पीकरला डग्ग्याचे ९० हर्ट्झ काढताच येत नाहीत. सॅच्युरेशननं १८०, २७०, ३६० तयार होतात. वरचे त्यातल्या त्यात मोबाईलला जमतात, आणि त्यांच्यातलं अंतर ९० चं असल्यामुळे कान नसलेला ९० स्वतःच भरून घेतो. हे काम कुठलंही प्लगिन करतं. किमतीचा यात संबंध नाही.

पोट्टा_फुल_आवाज
मंग आमच्या वरातीच्या डीजेले कायले लागते हे? तथी तं अठरा इंचाचे बॉक्स हाये.

रात्रपाळी_अकोला
तिथे नकोच. अठरा इंची बॉक्स खरे ५०-६० हर्ट्झ काढतो, आणि डीजेवाला लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर चेपून धरणारं यंत्र) आधीच कोंबून ठेवतो. वरून हार्मोनिक घातले तर नुसता गोंगाट. मोबाईलसाठी वेगळं मिक्स, बॉक्ससाठी वेगळं.

खंजिरीवाला
आता खरेदीचं. सॅटर्न घेतलं नाही. वडसावाल्या भाऊंचं काम माझ्यासारखं असतं तर घेतलं असतं. मला गायकाच्या आवाजावर ट्यूबसारखा रंग हवा होता. आयव्हीजीआय म्हणजे क्लँगहेल्मच्याच एसडीआरआरमधल्या डेस्क या एका तऱ्हेचं फुकट रूप. त्यात ट्यूब नाही. पुऱ्या एसडीआरआरमध्ये ट्यूब, डिजिटल, फझ, डेस्क अशा चार आहेत आणि किंमत पंचवीसेक युरो. तेवढं घेतलं. माझं कार्ड देशातल्या व्यवहारापुरतंच, म्हणून नागपूरच्या भाच्याच्या कार्डावरून. त्यालाही आधी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करावे लागले. वर बँकेचा परकीय चलनाचा आकार लागला, तो हिशोबात धरून ठेवा. घरी सांगितलं. एवढंच का म्हणून उलट विचारलं गेलं.

वडसा_लाईन
चांगलं घेतलंत. तरी माझं म्हणणं तेच: दर महिन्याला पैसे घेऊन गाणी करायला लागाल तेव्हा सॅटर्न घ्यालच. रोज तीन फिल्टर जोडत बसायला लागलं की मला फोन करा.

सरगमताई
किंवा फिल्टर न जोडता माईक थोडा जवळ आणा. माझा मुलगा निम्म्या वेळा तेच करतो.

पोट्टा_फुल_आवाज
भाऊ, डग्ग्यावर नेमकी काय सेटिंग ठेवली थे तं सांगा. मीबी खरेदीचंच वापरीन आता, म्हंजे फुकटचंच, पण खरं फुकटचं.

खंजिरीवाला
डग्ग्याचा ट्रॅक वेगळा हवा. तबला-डग्गा एकाच माईकवर असेल तर ट्रॅकची नक्कल करून तिच्यातलं २०० च्या वरचं सगळं काप. त्या नकलेवर सॉफ्टट्यूबचा नॉब, 'कीप हाय', साधारण अर्ध्यापर्यंत. मग तिचा आवाज पूर्ण खाली घे आणि मोबाईलवर ऐकत ऐकत हळूहळू वर आण. डग्गा जाणवायला लागला की थांब. मी थांबलो ती जागा हेडफोनवर अगदीच कमी वाटत होती.

रात्रपाळी_अकोला
एक भर. नॉबच्या आधी ५०-६० च्या खालचं कापून घ्या. आपला कूलर बंद केला तरी शेजारच्या खोलीतल्या कूलरची घरघर येते, आणि अर्थिंग नीट नसलेल्या घरात ५० हर्ट्झची गुणगुण असतेच. सॅच्युरेशन तिलाही सोडत नाही. १००, १५०, २०० अशी तिची पिल्लं काढतं, आणि मग जी गुणगुण मोबाईलवर कधी ऐकू आली नसती ती यायला लागते. फिल्टरनं ५० ची पुरती जात नाही, म्हणून आधी अर्थिंगचा खड्डा पाहून घ्या. उन्हाळ्यात माती सुकते, पाणी आणि मीठ घालावं लागतं.

पोट्टा_फुल_आवाज
हाव, आमच्या घरी गुणगुण हाये. उद्या बादली घेऊन जातो.